राजगड म्हणजे नेमकं कोणतं?

भोर-वेल्हे परिसरात ‘राजगड’ एक नाही. पत्ता शोधताना तालुकाही पाहा.

किल्ला: मुरुंबदेवाच्या डोंगरावर, रायगडाआधीची शिवाजी महाराजांची राजधानी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत.

तालुका: किल्ला ज्या वेल्हे तालुक्यात आहे, त्याचंच नाव २०२५ मध्ये ‘राजगड’ झालं. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत वेल्हे, नव्यांत राजगड दिसेल.

साखर कारखाना: राजगड सहकारी साखर कारखाना मात्र भोर तालुक्यात, अनंतनगर-निगडे इथे.

पोलीस ठाणे: राजगड पोलीस ठाणंही भोर तालुक्यातलंच. किल्ल्याचा परिसर वेल्हे पोलिसांकडे. गडावर अडचण आली, तर हा फरक महत्त्वाचा.

रायगड: एका अक्षराचा फरक, पण किल्ला महाड तालुक्यात. १६७४ चा राज्याभिषेक तिथला.