तेलामागून आलेलं उटणं

दिवाळीच्या आठवड्यात वाण्याच्या दुकानात उटण्याच्या पुड्यांच्या माळा लटकतात आणि भाऊबीज झाली की उतरतात. एरवी वर्षभर उटण्याची कुणाला आठवण होत नाही. खरं तर ते सणासाठी जन्मलेलंच नाही. ते रोजच्या न्हाण्यातलं, आणि त्याचं मूळ काम अंगाला चोळलेलं तेल उतरवण्याचं.

आयुर्वेदात उटण्याला उद्वर्तन म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा क्रम स्पष्ट आहे : आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान. उद्वर्तनाने कफ आणि मेद कमी होतो, अंग घट्ट होतं आणि कांती सुधारते, असं तो सांगतो. थंडीच्या दिवसांचा आहारविहार सांगताना तर तो उघडच म्हणतो, की तेल लावावं, तुरट द्रव्यांनी ते काढावं आणि मग न्हावं. सुश्रुतसंहितेत उद्घर्षण आणि उत्सादन अशी आणखी दोन नावं येतात. टीकाकार डल्हण त्यांतला फरक सांगतो : कोरडं चूर्ण चोळणं ते उद्घर्षण, तेला-तुपात कालवलेला लेप चोळणं ते उत्सादन. आजच्या घरातही कुणी उटणं पाण्यात कालवतं, कुणी तेलात, तर कुणी दुधात.

वैद्यांच्या ग्रंथांबाहेरही त्याचा माग लागतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाचं, म्हणजे शहरी रसिक गृहस्थाचं, वेळापत्रक आहे : आंघोळ रोज, उत्सादन एक दिवसाआड, ‘फेनक’ म्हणजे फेस येणारं द्रव्य तिसऱ्या दिवशी आणि दाढी चौथ्या दिवशी. फेस आणि उटणं तेव्हा एकाच न्हाणीघरात नांदत होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, तेव्हा राजाच्या उपभोगांत स्नानालाही वेगळं स्थान दिलं. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या ‘मर्दना-मादण्या’चे, म्हणजे अंग चोळून न्हाऊ घालण्याचे, उल्लेख येतात. तेव्हा आंघोळीआधी अंग रगडणं ही मराठी मुलखातही अंगवळणी पडलेली गोष्ट होती.

उटण्यात काय असतं? घराघराचं प्रमाण वेगळं, पण कुळी तीच : नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन, संत्र्याची वाळलेली साल, आणि त्यांना धरून ठेवायला मसूर किंवा हरभऱ्याचं पीठ. नागरमोथा म्हणजे शेतात नको नको होणाऱ्या लव्हाळ्याचाच भाऊबंद, पण त्याच्या गाठी वाळल्या की मातकट-गोड वास सुटतो. खरी मेहनत मात्र पीठ करतं. तेलाने त्वचेवरचा तेलकट मळ सुटा होतो आणि पीठ ते तेल शोषून घेतं. चोळताना अंगावरून करड्या वळ्या गळतात. त्या पाहून आजी खूश व्हायची, ‘बघ किती मळ निघाला!’ त्यात मळ थोडा आणि तेल पिऊन फुगलेलं पीठच जास्त असतं, पण तेल निघाल्याची ती पावतीच. सगळं तेल मात्र निघत नाही. उरलेला पातळ थर आश्विन-कार्तिकाच्या कोरड्या हवेत त्वचा मऊ ठेवतो.

मग साबण आला. 1888 मध्ये लीव्हर ब्रदर्सचा सनलाइट कलकत्त्याच्या बंदरात उतरला, 1895 मध्ये लाइफबॉय आला, आणि 1918 च्या सुमारास म्हैसूर संस्थानचा चंदनी साबण बाजारात आला. साबणाने उटण्याला हरवलं, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रोज अंगभर तेल चोळायला निवांतपणा लागतो, तो नोकरीच्या घड्याळात उरला नाही. तेलच गेलं, मग ते उतरवणाऱ्याचं काय काम? जिथे तेल उरलं, तिथेच उटणंही टिकलं : नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीचं न्हाणं. नवरा-नवरीच्या हळदीतही अंगाला चोळण्याचा तोच संस्कार दिसतो.

तेलाशी असलेलं हे नातं विसरलं की उटण्याची गल्लत होते. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचाच्या आसपास, आणि नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. म्हणून रोज सर्वांगाला साबण लावला की त्वचा ओढल्यासारखी होते, आणि उटण्याची आठवण होते. पण तेलाविना, कोरडंच, खसाखसा चोळलेलं उटणं तिला दुसऱ्या बाजूने खरवडतं. जाडसर भरड असेल तर चेहऱ्यावर ओरखडे, मुरुमं असतील तर आग. बाळाच्या नाजूक अंगावर तर ते रगडूच नये. आणि काही पुड्यांत बावची असते. तिच्यातली सोरालेन द्रव्यं उन्हाला भिडली की त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते, म्हणून यादी वाचून घ्यावी.

रोज साबण काखा-जांघांपुरता ठेवला, आठवड्यातून एकदा कोमट तिळेल किंवा खोबरेल जिरवलं, मग बारीक वस्त्रगाळ उटणं हलक्या हाताने लावून कोमट पाण्याने न्हायलं, तर त्या पुडीचं चीज होतं. घरात तेल लावायला कुणालाच वेळ नसेल, तर पुडी वाण्याकडेच राहू द्यावी.