स्विच विधान (पीएचपी)

एका पदावलीची किंमत अनेक पर्यायांशी ताडून पुढची वाट ठरवणारी पीएचपी भाषेतील रचना. रासमुस लेर्डोर्फ यांनी 1995 मध्ये खुल्या केलेल्या या भाषेत ती सी भाषेच्या वळणावर आली आणि सीची खोडही घेऊन आली : जुळलेल्या ‘केस’पासून सुरू झालेले काम ‘ब्रेक’ भेटेपर्यंत खालच्या केसमध्ये घसरत जाते.

ही घसरण दर वेळी चूक नसते. उदाहरणार्थ, कल्याणला मध्य रेल्वेची लाइन फुटते. एक फाटा शहाडवरून कसाऱ्याला, दुसरा विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे. मुंबईकडून येणारी डाउन लोकल विठ्ठलवाडीला जाईल का, हे तिच्या शेवटच्या स्थानकावरून ठरवायचे, तर अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली या केस, मध्ये काही न लिहिता, एकाखाली एक ठेवाव्यात. शेवटी ‘होय’ आणि ब्रेक. टिटवाळा, आसनगाव, कसारा, तसेच फाट्याआधीच संपणाऱ्या ठाणे, कल्याण गाड्यांचा गट खाली ‘नाही’ म्हणून. वरचा ब्रेक लिहायचा राहून गेला, तर बदलापूर लोकलचे ‘होय’ पुसून ‘नाही’ होते आणि पीएचपी अवाक्षर काढत नाही.

कोणतीच केस न जुळल्यास चालणाऱ्या ‘डिफॉल्ट’मध्ये ‘नाही’ लिहून मोकळे होणे हा आळस. स्थानकावरच्या पाटीवर मराठीत बदलापूर, हिंदीत बदलापुर असते. मजकुराची स्ट्रिंग बाइट-बाइट ताडली जाते. ऱ्हस्व ‘पु’ आला की केस जुळत नाही आणि गाडी विठ्ठलवाडीला जातच नाही, असे उत्तर मिळते. डिफॉल्टने ‘अनोळखी स्थानक’ असेच सांगावे. नाव आधी एका रूपात आणणे, टोकाच्या रिकाम्या जागा छाटणे हे स्विचच्या बाहेरचे, पण टाळता न येणारे काम.

स्विचची तुलना सैल, म्हणजे दोन बरोबरच्या चिन्हांची. नुसते आकडे असलेल्या स्ट्रिंग मात्र संख्या म्हणून ताडल्या जातात, त्यामुळे ‘07’ आणि ‘7’ एकच ठरतात. शून्य आणि ‘कर्जत’ही पूर्वी समान ठरत, 2020 च्या पीएचपी 8.0 ने ते थांबवले. त्याच आवृत्तीत आलेले ‘मॅच’ काटेकोर तुलना करते, त्यात घसरण नाही आणि काहीच न जुळल्यास ते त्रुटी फेकते. नुसती किंमत हवी असेल तिथे मॅचच बरे.

वेळापत्रकावर लूप फिरवताना आतल्या स्विचमधला ‘कंटिन्यू’ ब्रेकसारखाच वागतो; पुढच्या गाडीकडे जायला ‘कंटिन्यू 2’ लागते. पीएचपी 7.3 पासून याची ताकीद मिळते.