आंबील, आईचा मणका आणि एक जुनं ‘कदाचित’

गेल्या पावसाळ्यात पाण्याची बादली उचलताना आईच्या पाठीत कळ आली. रत्नागिरीत एक्स-रे काढला तर एक मणका चेपलेला. हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. मी मात्र रात्री फोनवर वेगळंच वाचत बसले : आतड्यातले जिवाणू सुधारले की हाडं सुधारतात म्हणे! तशा गोळ्यांची बाटली कार्टमध्ये टाकूनही झाली. पैसे भरण्याआधी वाटलं, ही कल्पना आली कुठून ते तरी बघू.

कल्पना जुनी निघाली. मोठ्या आतड्यातले जिवाणू विष तयार करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येतं, असं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ सांगत. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे आंबवलेलं दूध. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. (१८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईला आलेले, लस बनवणारे हाफकिन त्यांचेच विद्यार्थी.) म्हणजे आतडं आणि प्रतिकारशक्ती, हे दोन्ही धागे त्यांच्या हातात होते. त्यांची हाडाशी गाठ बसली ती शंभर वर्षांनी.

२०१२ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर तपासले. त्यांची हाडं साध्या उंदरांपेक्षा दाट होती! जिवाणू सोडल्यावर हाडं नेहमीसारखी झाली. जिवाणू प्रतिकारशक्तीच्या पेशींना जागं करतात आणि त्यातून हाड झिजवणाऱ्या पेशी वाढतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे जिवाणू हाडांचे सरसकट मित्र नव्हेतच.

मग कुठला जिवाणू मित्र? २०१८ मध्ये स्वीडनमध्येच ७५ ते ८० वयाच्या ९० बायकांवर वर्षभर प्रयोग झाला. ठरावीक लॅक्टोबॅसिलस घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज निम्म्याच्या आसपास राहिली. मी वाचलेल्या जाहिराती इथेच थांबत होत्या. पण गोष्ट पुढे आहे. नुकतीच पाळी गेलेल्या २३९ बायकांवर दोन वर्षं तोच जिवाणू वापरून पाहिला. निकाल २०२४ मध्ये आला : काहीच फरक नाही.

कार्ट रिकामं केलं.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्या लहानपणी आंबील होती.” वरकस जमिनीतली नाचणी दळायची, पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवून मीठ-जिरं घालून प्यायची. पुढे मुंबईची मनीऑर्डर येऊ लागली तशी आंबील गरिबीची खूण ठरली आणि सकाळी चहा-बटर आलं.

नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. पण सगळं अंगी लागत नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९२० च्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांना ओट चारले, तर त्यांचा मुडदूस वाढला. पुढे कारण सापडलं ते फायटिक आम्ल. ते धान्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, नाचणीतलंसुद्धा. आंबवताना पीठ आंबट होतं, धान्यातलंच एक एंझाइम कामाला लागतं आणि ही पकड सैल होते. शिजवल्यावर ताकातले जिवाणू मरतात, पण त्यांचं काम रात्रीच उरकलेलं असतं.

आंबिलीनं चेपलेला मणका उभा राहत नाही. त्यासाठी डॉक्टरांची औषधं चालूच आहेत. पण आता ओट्यावर रोज रात्री एक झाकलेलं पातेलं असतं. सकाळी आई झाकण उघडून वास घेते आणि सांगते, आंबली की नाही ते. तिचा अंदाज अजून चुकलेला नाही.