पदपथावरील बिऱ्हाड आणि शासकीय अनुदान

मुंबईच्या कापड बाजारात दिवसभर पाठीवर गाठी वाहणारे व हातगाड्या ओढणारे कित्येक श्रमजीवी रात्री बंद दुकानांच्या पायऱ्यांवर अथवा पदपथावरच पथारी पसरीत. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधण्याची परंपरा समाजात प्राचीन आहे. परंतु हा हमाल यात्रेकरू नव्हता. त्यास दोन-तीन दिवसांचा मुक्काम नव्हे, तर बारा महिने रात्र काढावयाची होती.

जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला. पत्रकार ओल्गा टेलिस प्रभृतींनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे, हे तत्त्व मान्य झाले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मिळाला नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, मुदत तेवढी मिळाली.

तत्त्व मान्य झाले तरी छपरास पैसा लागतो. 1988-89 मध्ये केंद्र शासनाने 'हुडको'मार्फत पदपथवासीयांच्या रात्रनिवाऱ्यांसाठी अनुदान योजना सुरू केली. पैसा होता, पण तो मागावयास फारसे कोणी पुढे आले नाही. अखेर 2005 मध्ये ही जबाबदारी राज्यांकडे सोपविण्यात आली. मागणी नाही म्हणून माल परत जावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे मागणारा रस्त्यावर झोपलेला होता आणि मागणीपत्रावर सही दुसऱ्याची लागत होती.

पुढे दिल्लीच्या थंडीने प्रश्न ऐरणीवर आणला. डिसेंबर 2009 मध्ये तेथील पुसा रोडवरील तात्पुरता निवारा महापालिकेने हटविला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यातील न्यायालयीन आयुक्तांनी जानेवारी 2010 मध्ये हे सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणले. न्यायालयाने प्रथम दिल्लीस व नंतर अन्य मोठ्या शहरांस, दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्यास सांगितले. हेच प्रमाण 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात आले. बांधकामाचा 75 टक्के भार केंद्राने व 25 टक्के राज्याने उचलावा, दरमाणशी सुमारे 50 चौरस फूट जागा, पाणी, शौचालय व स्वयंपाकाची सोय असावी, असे त्यात ठरले. केवळ भिंतींना नव्हे, तर त्या चालविण्याच्या खर्चासही अनुदान मिळाले, ही त्यातील खरी सुधारणा होय.

तथापि 2016 मध्ये निधी उपलब्ध असूनही निवारे पुरेसे उभे राहिले नाहीत, असे दिसल्यावरून न्यायालयास निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. मुंबईचा हिशोब मांडून पाहावा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख, म्हणजे निवारे 124. प्रत्येकात शंभर माणसे धरली तरी 12,400 जणांची सोय होते. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर नोंदले गेले ते सुमारे 57 हजार.