व्हर्टिओ-सिरियल संदेश-बफर दोष

व्हर्टिओ-सिरियल संदेश-बफर दोष हा क्यूएमू या मुक्त-स्रोत आभासीकरण प्रणालीच्या संदेश-हाताळणीतील सुरक्षा-दोष होता. सीव्हीई-२०१५-५७४५ या क्रमांकाने नोंदलेला हा दोष ऑगस्ट २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या क्यूएमूच्या २.४.० आवृत्तीत दूर करण्यात आला.

पार्श्वभूमी

क्यूएमूचा विकास फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांनी सुरू केला. या प्रणालीमुळे एका संगणकावर, म्हणजे यजमानावर, अनेक आभासी यंत्रे चालवता येतात. आभासी यंत्रातील कार्यप्रणालीला अतिथी म्हणतात. या दोघांमधील संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी व्हर्टिओ-सिरियल हे आभासी उपकरण वापरले जाते. त्याचा क्यूएमूमधील मूळ कोड रेड हॅट कंपनीतील अभियंते अमित शाह यांनी लिहिला. पोर्ट जोडले, काढले वा उघडले गेल्याची सूचना नियंत्रण-संदेशाद्वारे दिली जाते. या संदेशाचा शीर्षभाग ८ बाइटांचा असतो: ४ बाइट पोर्टच्या क्रमांकासाठी, २ घटनेच्या प्रकारासाठी आणि २ मूल्यासाठी. पोर्टचे नाव कळवताना त्यापुढे ते नाव जोडले जाते.

दोषाचे स्वरूप

यजमानाकडून येणारा संदेश ज्यात लिहायचा तो बफर, म्हणजे स्मृतीतील राखीव जागा, अतिथीच पुरवतो व तिची लांबीही तोच कळवतो. ही जागा सलग किंवा अनेक तुकड्यांत विभागलेली असू शकते. जुना कोड मात्र संपूर्ण संदेश पहिल्याच तुकड्यात उतरवत असे. तो तुकडा पुरेसा आहे की नाही, हे तपासत नसे. त्यामुळे अतिथीने हेतुतः अपुरी जागा दिल्यास लेखन तिच्या सीमेपलीकडे जाई आणि क्यूएमूची प्रक्रिया कोसळू शकत असे.

दुरुस्ती

मायकेल त्सिरकिन यांच्या दुरुस्तीत थेट नकलेऐवजी तुकड्यांच्या यादीनुसार नक्कल करणारे फंक्शन वापरण्यात आले. ते प्रत्येक तुकड्यात मावेल तेवढाच मजकूर लिहिते आणि जागा संपताच थांबते. हा बदल मुळात व्हर्टिओ १.० या मानकाच्या पूर्ततेसाठी होता. त्या मानकानुसार उपकरणाने बफरची विशिष्ट मांडणी गृहीत धरायची नसते. अपुरा बफर ओळखून तशी सूचना देण्याचे काम मात्र कोडमधील टिपणीत पुढील काळासाठी नोंदवले गेले.

महत्त्व

मे २०१५ मध्ये उघडकीस आलेला ‘व्हेनम’ हा क्यूएमूच्या फ्लॉपी-नियंत्रकातील दोषही बफरची सीमा न पाळल्यामुळेच उद्भवला होता. मेघ-संगणनात परस्परांशी संबंध नसलेल्या ग्राहकांची आभासी यंत्रे एकाच यजमानावर चालतात. त्यामुळे अतिथीने कळवलेली प्रत्येक लांबी यजमानाने स्वतः पडताळणे आवश्यक ठरते.