उजेडात धरलेला कागद

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असे समितीने कळवले होते. मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत, तेव्हा ते काम त्यांच्याकडे सोपवतो. निवृत्तीनंतर मला एक छंद जडला आहे, त्याबद्दल लिहितो. या छंदाला लागणारे सामान तुमच्यापैकी अनेकांच्या पोटमाळ्यावर पडलेले आहे.

पाचशेची नोट उजेडाकडे धरली की कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा उमटतो. हे जलचिन्ह. नावात जल असले तरी करामत तारेची आहे. युरोपात हातकागद करताना चिंध्यांचा लगदा तारेच्या जाळीवर उचलत. त्या जाळीवर बारीक तारेने मुकुट, फूल, शिंग किंवा कारखानदाराचे नाव शिवलेले असे. तारेवर लगद्याचा थर पातळ बसतो, म्हणून तेवढ्या जागेतून उजेड जास्त येतो. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत सुरू झाली. साचा झिजला की नवा करायचा, आणि नव्या साच्यावरची खूण थोडी तरी वेगळी व्हायची. त्यामुळे खूण जुळली तर कागदाचा काळ बराच जवळ आणता येतो. ब्रिके नावाच्या स्विस अभ्यासकाने अशा १६,११२ खुणा गिरवून १९०७ साली चार खंडांत छापल्या. या माणसाच्या चिकाटीपुढे मी हात जोडतो.

आपल्याकडच्या जुन्या कागदाला अशी खूण नसते. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलत. काड्या घोड्याच्या केसांनी बांधलेल्या असत. मग खळ लावून दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही. हा कागद उजेडात धरला तर काड्यांच्या रेघा दिसतात, नाव-गाव काही नाही. पण खूण नसणे हीसुद्धा माहितीच आहे.

इंग्रजी कागदावर सन दिसतो, त्यामागे कर आहे. विलायतेत कागदावर जकात होती आणि परदेशी पाठवलेल्या कागदावरची जकात परत मिळे. १७९४ च्या कायद्याने त्यासाठी अट घातली, की कागदात सन उमटलेला हवा. कारखानदारांनी लगोलग साच्यावर आकडे शिवले. काहींनी १७९४ हाच आकडा पुढेही काही वर्षे तसाच ठेवला, म्हणजे सरकारी अट पाळण्याची तऱ्हा तिकडेही आपल्यासारखीच. केंट परगण्यातल्या व्हॉटमनचा कागद तर इतका नावाजलेला, की नकाशे आणि चित्रे काढणारे तोच मागत आणि परदेशी कारखाने त्याच्या नावाची नक्कल करत.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या माहेरी, चौलकडच्या वाडीत, एक मोडी कागद आहे. खुद्द कान्होजी आंग्र्यांनी नारळी-पोफळीचे आगर इनाम दिल्याची ती सनद, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. दसऱ्याला तो कागद पूजेत मांडतात. तिच्या भावाला तो काचेत बसवायचा होता, म्हणून तिने मला बोलावले. आपल्या मराठीच्या बाई, वय विसरून, मोडी वाचायला सोबत आल्या.

बाई वाचत होत्या तोवर मजकुरात काही खटकले नाही. मग मी कागद खिडकीशी धरला. डाव्या कडेला कापलेल्या इंग्रजी नावाची शेवटची अक्षरे, ‘...टमन’, आणि खाली १८३१. कान्होजी वारले १७२९ साली. शंभर वर्षांनी विलायतेत तयार झालेल्या कागदावर ते काय लिहिणार? घरात कोणी बोलेना. भाऊ एवढेच म्हणाला, ‘म्हणजे खोटी?’

हा प्रश्न सोपा नाही. जलचिन्ह कागदाचे वय सांगते, मजकुराचे नाही. बाईंनी कागद पुन्हा जवळ घेतला आणि अगदी तळाशी, घडीत पुसट झालेली ओळ लावली: ‘नक्कल अस्सल बरहुकूम’. म्हणजे लिहिणाऱ्याने काहीच लपवले नव्हते. ती ओळ वाचायचे घरच्यांनी सोडून दिले होते. कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. इनामदारांना कागद दाखवा म्हणणारे सरकार आले आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला तर त्यासाठी मोठे अधिकार दिले. अशा दिवसांत अस्सल जपून नकला पुढे करणे शहाणपणाचेच होते, असा माझा तर्क आहे. मात्र अस्सल हाती येत नाही तोवर ही नक्कल खरोखर अस्सलाप्रमाणे आहे का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मैत्रिणीलाही तसेच सांगितले.

उलट बाजूचा एक किस्सा इंग्रजांचाच. शेक्सपिअरच्या नाटकांच्या काही प्रतींवर १६०० आणि १६०८ असे सन छापलेले होते. १९०८ मध्ये ग्रेग या अभ्यासकाने जलचिन्हे ताडून दाखवून दिले, की त्या साऱ्या प्रती १६१९ च्या सुमारास एकत्रच छापल्या गेल्या होत्या. तिथे छापणाऱ्याने सन खोटा घातला होता, आमच्याकडे तसे नव्हते.

रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. जिनोआचा, एकाखाली एक तीन वर्तुळांची खूण असलेला कागद पोर्तुगालकडे फार जाई. तसा एखादा ताव आपल्या भागात मिळावा अशी फार इच्छा आहे. अजून मिळालेला नाही.

आपण शिकत होतो तेव्हा जिल्हा ‘कुलाबा’ होता. तेव्हाची घरे आता एकेक करून विकली जात आहेत आणि माळा रिकामा करताना रुमालात बांधलेली दफ्तरे बंबात जातात. वाळवी आणि खारी हवा यांच्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे. तेव्हा आधी मला कळवा. लॅमिनेशन मात्र करू नका. तो कागद पुन्हा मोकळा होत नाही. ठिसूळ घडी जोराने उघडू नका. खिडकीच्या उजेडात धरून, बाजूला फूटपट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढला तरी पुरे.

मैत्रिणीच्या कागदाचा ताव मधोमध कापलेला आहे. नावाची पहिली अक्षरे असलेला अर्धा भाग, आणि त्यावर जे काही लिहिले असेल ते, वाटणीत दुसऱ्या घराकडे गेले असावे. त्या चुलत घराशी तिच्या माहेरचे बोलणे बरीच वर्षे बंद आहे. गेल्या महिन्यात तिने स्वतः पत्र टाकले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.