निश्चलता आणि संवेदना : क्युरारेच्या इतिहासातील एक प्रश्न

वैद्यकाच्या इतिहासात एखादे नवे औषध आले म्हणजे त्याने काय साधले याची नोंद तत्परतेने होते. परंतु त्याच्या आगमनाने कोणती जुनी खूण नाहीशी झाली, याचा विचार क्वचितच होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांचा इतिहास या दुसऱ्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. या औषधांनी शस्त्रवैद्याचे काम सुकर केले, हे निर्विवाद आहे. तथापि, रुग्णाला वेदना होत आहे की नाही हे ओळखण्याचे एक साधन त्यांनी त्याच वेळी काढून घेतले. प्रस्तुत लेखात या एकाच मुद्द्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम ही औषधे नसताना काय स्थिती होती ते पाहू. १८४६ साली बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या जॉन स्नो याने ईथरच्या भुलेच्या पाच पायऱ्या वर्णिल्या. १९२० साली अमेरिकेत आर्थर ग्वेडेल याने श्वसन, नेत्रगोलांची हालचाल आणि स्नायूंची स्थिती यांवरून भुलेची खोली ठरविण्याची पद्धत अधिक काटेकोर केली. पोट उघडावयाचे तर पोटाच्या भिंतीचे स्नायू सैल पडले पाहिजेत. आणि ते सैल पडण्यासाठी ईथरची भूल फार खोल न्यावी लागे. तिची किंमत मोठी होती. श्वसन व रक्ताभिसरण मंदावत, शुद्धी येण्यास विलंब लागे आणि नंतर ओकाऱ्या होत. परंतु या पद्धतीत एक गुण होता. स्नायूंचे शैथिल्य हे मज्जासंस्थेच्या सखोल ग्लानीतून उद्भवत असल्यामुळे ते केवळ इष्ट फळ नव्हते, तर रुग्ण पूर्ण बेशुद्ध असल्याचा पुरावाही होते.

दुसरा पर्याय १८९८ साली कील येथे आउगुस्ट बीर याने उपलब्ध करून दिला. पाठीच्या कण्यात कोकेनचे द्रावण टोचून त्याने शरीराचा खालचा भाग बधिर केला. या पद्धतीत रक्तदाब उतरण्याचा धोका असे आणि शरीराच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांना तिचा उपयोग नव्हता. तरीही शैथिल्य आणि वेदनानाश येथे एकत्रच नांदत. शिवाय रुग्ण जागा असल्यामुळे काही दुखले तर तो तसे बोलून दाखवू शकत असे.

क्युरारेने ही सांगड तोडली. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत असलेले हे विष चार्ल्स वॉटर्टन याने १८१२ च्या प्रवासात मिळविले. १८१४ साली लंडन येथे एका गाढवीला ते टोचण्यात आले. ती मृतवत पडल्यावर तिच्या श्वासनलिकेत भात्याने हवा भरत राहिल्याने ती वाचली आणि पुढे १८३९ पर्यंत जगली. विष प्राण घेते ते श्वसनाचे स्नायू थांबवून, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या क्लोद बेर्नार याने बेडकांवरील प्रयोगांनी विषाच्या क्रियेचे स्थान शोधून काढले. त्याने बेडकाच्या मागील पायांकडे जाणारा रक्तप्रवाह बंधाने अडविला, पण मज्जातंतू मोकळे ठेवले. मग विष दिले. विषबाधित भागास चिमटा काढताच विषापासून वाचलेले पाय हलले. म्हणजे निश्चल पडलेल्या भागातील संवेदना शाबूत होती. केवळ ती व्यक्त करण्याचा मार्ग बंद झाला होता. १८६४ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या निबंधात बेर्नारने या अवस्थेची भीषणता स्पष्ट शब्दांत मांडली.

हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. ब्रिटिश पार्लमेंटने प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधी १८७६ साली केलेल्या कायद्यात, क्युरारे हे त्या कायद्यापुरते भूलद्रव्य समजले जाणार नाही, असे स्वतंत्र कलमच घातले. ही तारीख ध्यानात ठेवावी. पुढील घटना तिच्या प्रकाशात पाहावयाच्या आहेत.

माणसावरील शस्त्रक्रियेत क्युरारेचा उपयोग लाइपझिगच्या आर्थर लेवेन याने १९१२ साली प्रसिद्ध केला. परंतु शुद्ध औषध पुरेसे मिळत नसल्याने तो मागे पडला. १९३५ साली लंडन येथे हॅरॉल्ड किंग याने ट्यूबोक्युरारीन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. अखेर २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत सायक्लोप्रोपेनच्या भुलेस क्युरारेची जोड दिली, आणि त्याच वर्षी २५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९४६ साली लिव्हरपूलच्या सेसिल ग्रे व जॉन हॅल्टन यांनी हजारांहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला. बेशुद्धी, वेदनाप्रतिक्रियांचे शमन आणि स्नायुशैथिल्य ही तीन कार्ये वेगवेगळ्या औषधांनी, प्रत्येकी थोड्या मात्रेत साधावयाची, ही विचारसरणी लिव्हरपूल येथेच पुढे विकसित झाली. हलक्या भुलेचा हा लाभ अतिशय मोठा होता. पण सैल पोट आता बेशुद्धीचा पुरावा उरले नव्हते.

याच सुमारास क्युरारे स्वतःच शुद्ध हरपवते की काय, असा संशय काही वैद्यांनी व्यक्त केला. तो दूर करण्यासाठी १९४७ साली अमेरिकेतील युटा येथे स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने, सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली व कृत्रिम श्वसनाच्या आधारावर, श्वसन थांबविण्यास लागणाऱ्या मात्रेच्या सुमारे अडीचपट औषध स्वतःस टोचून घेतले. संपूर्ण निश्चल असताना आजूबाजूस काय झाले व काय बोलले गेले ते त्याने नंतर अचूक सांगितले. त्याची वेदनेची जाणीवही कमी झालेली नव्हती. जे बेर्नारने बेडकावर दाखविले आणि जे १८७६ च्या कायद्याने गृहीत धरले, ते एका माणसाला पुन्हा स्वतःच्या देहावर सिद्ध करावे लागले.

दुसरा धोका शस्त्रक्रियेनंतरचा होता. १९५४ साली बीचर आणि टॉड यांनी १० अमेरिकन रुग्णालयांतील ५,९९,५४८ भुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भुलेशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण शिथिलकारक औषधे वापरली असता ३७० मध्ये १, तर न वापरली असता २,१०० मध्ये १ असे आढळले. त्यांनी औषधांच्या अंगभूत विषारीपणाकडे बोट दाखविले. उलट, औषधाचा अंमल पुरता न उतरविणे आणि अपुरे श्वसन हेच खरे कारण, असे टीकाकारांनी प्रतिपादिले. क्षीण श्वास घेत स्वस्थ पडलेला रुग्ण झोपी गेल्यासारखा दिसतो, हेही निश्चलतेचेच फसवे रूप होय.

या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण तान्ह्या बालकांचे आहे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर शिथिलकारक औषध आणि नायट्रस ऑक्साइड एवढ्यावरच मोठ्या शस्त्रक्रिया होत असत. १९८७ साली आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये अशा अर्भकांचे दोन गट केले व एका गटास फेंटानिल हे वेदनाशामक अधिक दिले. ते न मिळालेल्या अर्भकांच्या रक्तात शारीरिक ताणाची लक्षणे कितीतरी तीव्र आढळली. जी बालके एरवीही बोलू शकली नसती, त्यांचे रडणेही औषधाने थांबविले होते.

रुग्णाला आपली अवस्था कळविण्याचा मार्ग परत देण्याचे प्रयत्नही झाले. १९७७ साली टन्स्टॉल याने सिझेरियन शस्त्रक्रियेत शिथिलकारक देण्यापूर्वी एका हाताला दाबपट्टी आवळून तेथील रक्तप्रवाह रोखला; रुग्ण शुद्धीवर असेल तर तो हात हलवून तसे कळवू शके. बेर्नारच्या बेडकाचा बांधलेला पाय येथे शतकाहून अधिक काळाने माणसाच्या उपयोगी पडला. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत, शस्त्रक्रियेतील जाणीव नंतर आठवल्याचे रुग्णांनी स्वतः कळविण्याचे प्रमाण शिथिलकारक वापरले असता सुमारे ८,००० मध्ये १, तर न वापरले असता सुमारे १,३६,००० मध्ये १ असे दिसून आले.

या सर्वांवरून शिथिलकारक औषधे त्याज्य ठरत नाहीत. खोल ईथरच्या काळाकडे परत जाण्याची इच्छा कोणीही सुज्ञ करणार नाही. आणि जेथे पाठीच्या कण्यातून किंवा एखाद्या मज्जातंतूभोवती औषध टोचून काम भागते, तेथे तो पर्याय आजही वापरला जातो. निष्कर्ष एवढाच की, ज्या औषधाने रुग्णाची तक्रार करण्याची शक्ती हिरावली जाते, ते देणाऱ्यावर त्याची अवस्था अन्य मार्गांनी जाणून घेण्याचे दायित्व येते. साधनांचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हा नियम इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर तोच नियम प्रस्थापित होण्यास फार काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत ज्यांना बोलता येत नव्हते त्यांनी मोजली.